पीसीओएस आणि ट्यूमरची वाढ : इन्सुलिनचा पेशीतला मार्ग

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजे पीसीओएस, बोलताना बरेच जण पीसीओडीच म्हणतात. नावात ‘सिस्ट’ आहे म्हणून सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की आधी कॅन्सरची धास्ती बसते, आणि ते साहजिक आहे. पण सोनोग्राफीत ओव्हरीच्या कडेनं माळेतल्या मण्यांसारखे जे काळे ठिपके दिसतात, साधारण २ ते ९ मिमीचे, ती वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटकं, म्हणजे बीज वाढवणाऱ्या छोट्या पिशव्या असतात. ट्यूमरमधली पेशी थांबायचं विसरते, इथं पुटक पुढं सरकायचंच थांबतं. तरी दोन्हीकडं पेशीच्या आत इन्सुलिनचा एकच मार्ग कामाला लागलेला असतो.

पीसीओएसची पहिली नोंद कोणाची यावर मतभेद आहेत. इटलीच्या वालिस्नेरी यांनी १७२१ च्या सुमारास मूल न झालेल्या एका शेतकरी बाईच्या मोठ्या, पांढुरक्या, चकचकीत ओव्हरीचं वर्णन केलं, काही जण तिथूनच सुरुवात धरतात, पण एवढ्यावरून तोच आजार होता म्हणणं जरा धाडसाचं. १९२१ मध्ये आशार आणि तियर्स या फ्रेंच डॉक्टरांनी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ लिहिला, त्यात साखर आणि पुरुषी हार्मोन पहिल्यांदा शेजारी आले, म्हणून आजच्या समजुतीला तेच जास्त जवळचं वाटतं. नाव मात्र झालं शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांचं, १९३५ चा ७ बायकांचा पेपर. ओव्हरीचा पाचरीसारखा तुकडा कापून काढल्यावर सातही जणींची पाळी परत सुरू झाली होती.

आता मार्ग. इन्सुलिन रिसेप्टरला चिकटलं की पीआय-३-कायनेज हे एन्झाइम जागं होतं, ते पेशीच्या आवरणातल्या पीआयपी-२ या मेदाच्या रेणूवर आणखी एक फॉस्फेट चढवतं, त्याचा पीआयपी-३ होतो, मग एकेटी, मग एमटॉर ही निरोप पुढं नेणारी प्रोटीनं जागी होतात, आणि निरोप एकच : साखर आत घे, प्रोटीन बनव, वाढ. पीटेन नावाचं प्रोटीन तो फॉस्फेट उतरवून ठेवतं, हाच ब्रेक. १९९७ मध्ये त्याचं जीन सापडलं. गर्भाशयाच्या अस्तराच्या नेहमीच्या, एंडोमेट्रिऑइड कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त ट्यूमरांत पीटेन बिघडलेलं मिळतं, मग इन्सुलिन कमी असलं तरी निरोप चालूच राहतो.

पीसीओएसमध्ये ब्रेक तुटलेला नसतो. स्नायू इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं, आणि ओव्हरीतल्या थीका पेशींना (बीजपुटकाभोवतीच्या हार्मोन बनवणाऱ्या पेशी) मात्र ते स्पष्ट ऐकू येतं, त्या एलएच या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनच्या जोडीनं अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन बनवत सुटतात. लिव्हरमध्ये एसएचबीजी, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रोटीन, कमी बनतं, त्यामुळं रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. दुसरं मत असं की मूळ दोष थीका पेशीतच, कारण त्या शरीराबाहेर वाढवल्या तरी अँड्रोजेन जास्तच करतात, २०१४ मध्ये डीईएनएनडी-१-ए जीनच्या एका रूपाकडं बोट दाखवलं गेलं. काही सडपातळ बायकांत इन्सुलिन फारसं वाढलेलं नसतानाही अँड्रोजेन जास्त मिळतं, म्हणून हे दुसरं मत नुसतं बाजूला सारता येत नाही, इन्सुलिन बहुधा आगीत तेल ओतत असावं.

पीसीओएस आणि ट्यूमर या दोन्ही वाटा भेटतात त्या गर्भाशयाच्या अस्तरात. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन नाही, अस्तरावर एकटं इस्ट्रोजेन महिनोन् महिने काम करत राहतं, वर जास्तीचं इन्सुलिन, अस्तर जाड होत जातं. म्हणून या कॅन्सरचा धोका पीसीओएसमध्ये काही पट जास्त धरतात, एकूण प्रमाण मात्र कमीच. ओव्हरी आणि स्तनाच्या कॅन्सरचा असा स्पष्ट संबंध दिसलेला नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध इन्सुलिन उतरवतं आणि एएमपीके या पेशीतल्या एन्झाइममार्फत एमटॉर दाबतं, पण त्यानं कॅन्सर टळतो असं अजून सिद्ध नाही. पाळी ९० दिवसांपेक्षा लांबत असेल तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर पाडून घेतात, कारण ते साचू न देणं हाच इथला थेट उपाय आहे.