तंबाखूच्या धुरापासून बालकांचे संरक्षण (नाशिक परिसर)

घरातील वा सहवासातील व्यक्तीने ओढलेल्या बिडी-सिगारेटचा धूर मुलांच्या श्वासात जाऊ न देण्याचे उपाय. नवजात बालक मिनिटाला साधारण 30 ते 60 वेळा श्वास घेते, प्रौढ माणूस 12 ते 20 वेळा. शिवाय बालकाच्या श्वासनलिका अरुंद असतात. छातीचे संसर्ग, दमा, मधल्या कानाची सूज आणि तान्ह्या बाळाचा आकस्मिक मृत्यू यांच्याशी या धुराचा संबंध प्रस्थापित झालेला आहे.

खोलीतल्या धुराचे दोन भाग असतात : ओढणाऱ्याने बाहेर सोडलेला आणि जळत्या टोकातून आपोआप सुटणारा. सिगारेटच्या बाबतीत दुसऱ्याचा वाटा बराच मोठा असतो. दोन झुरक्यांच्या मधे टोकाचे तापमान उतरते, ज्वलन अपुरे राहते आणि कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया यांसारखी द्रव्ये अधिक निर्माण होतात. तंबाखूच्या धुरात 7,000 हून अधिक रसायने आढळली असून त्यांपैकी सुमारे 70 कर्करोगकारक आहेत. बिडीचे तेंदूपान सलग जळत नाही, ती ओढत राहावी लागते. त्यामुळे तिचा टोकाचा धूर कमी असावा, असा तर्क करता येतो. मात्र विझलेली बिडी पुन्हा पेटवली जाते आणि एका बैठकीला अनेक बिड्या संपतात. या तर्कावर घराने विसंबू नये.

मुलांवरील परिणामांचे पद्धतशीर पुरावे साधारणपणे 1974 पासून धरले जातात. त्या वर्षी लंडनमधील कॉली व सहकारी आणि जेरुसलेममधील हार्लप व डेव्हिस यांनी आईवडिलांचे धूम्रपान व तान्ह्या मुलांचे श्वसनविकार यांचा संबंध दाखवला. धूम्रपान करणाऱ्या पालकांना खोकला-कफही जास्त असतो. मग मुलाला बाधतो तो धूर की पालकाचा संसर्ग, असा आक्षेप निघाला. गर्भावस्थेत आईने केलेल्या धूम्रपानाचा परिणाम वेगळा कसा काढायचा, हा वाद अधिक काळ चालला. या बाबतीत शांघायमधील पाहणी (चेन व सहकारी, 1986) निर्णायक नसली, तरी मोलाची वाटते. तिथल्या माता धूम्रपान करत नव्हत्या, तरीही घरातील इतरांच्या धूम्रपानाबरोबर अर्भकांना श्वसनविकारासाठी रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. नाशिकच्या घरांतही बिडी-सिगारेट ओढतात ते बहुतांशी पुरुषच, म्हणून आपल्याला पाश्चात्त्य पाहण्यांपेक्षा ही पाहणी जवळची आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य-प्रवक्त्याच्या) 2006 च्या अहवालाने अशा धुराची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असा निर्वाळा दिला.

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के होते. पहिला आकडा लहान म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. एका खोलीच्या घरात एकाने ओढलेली बिडी सगळ्या पोरांच्या वाट्याला येते. निफाडकडची थंडी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात संध्याकाळीच दारे-खिडक्या लागतात आणि आजोबांच्या खाटेशेजारी गोधडीत नातवंडे झोपलेली असतात. ओट्यावर बसून ओढले तरी दार उघडे असल्यास धूर माजघरात येतोच. पंखा किंवा उघडी खिडकी पुरत नाही. घरात कोणीच न ओढणे हाच खरा उपाय. कपड्यांवर आणि अंथरुणावर बसलेले अंशही टिकून राहतात, तेव्हा बिडी ओढून लगेच बाळाला उचलून घेणे टाळावे.

मशेरीचाही इथे विचार करायला हवा. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजताना घरभर ठसका उठतो. हे काम मुलांपासून दूर, उघड्यावर व्हावे. सिन्नर हे बिडी उद्योगाचे जुने केंद्र. घरी बिड्या वळल्या जातात तिथे मुलांना बाधते ती तंबाखूची धूळ. धुराहून ती निराळी असली, तरी पाने कातरण्याची व तंबाखू भरण्याची जागा मुलांच्या झोपण्याच्या जागेपासून वेगळी असणे आवश्यक आहे.

मुंबईतील काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सार्वजनिक धूम्रपानाला मनाई केली. 2003 चा कायदा व 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम यांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास 200 रुपयांपर्यंत दंड होतो. खासगी घराला हे नियम लागू नाहीत. शाळेच्या 100 यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला आणि 18 वर्षांखालील मुलांना ती विकण्यास बंदी आहे. तेव्हा वडिलांसाठी बिडीबंडल व काडेपेटी आणायला टपरीवर पाठवलेल्या पोराच्या हाती बंडल देणारा दुकानदार कायदा मोडतो. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी 1800-11-2356 ही निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.