स्तनाचा कॅन्सर हाडात पसरल्यावरची लक्षणं

स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तावाटे हाडापर्यंत पोचून तिथे वाढायला लागल्या की त्याला हाडातला मेटास्टॅसिस म्हणतात, घरात मात्र सगळे "हाडात गेलाय" एवढंच बोलतात. हा कॅन्सर लांब पसरतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हाडातच जातो, आजार पुढे गेलेल्या दर १० पेशंटपैकी साधारण ७ जणींच्या हाडात तो सापडतो (पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, फार कमी होतो, पण त्यांच्यातही हीच गत). याला हाडांचा कॅन्सर म्हणायचं नाही. मणक्यातली ती गाठ स्तनाच्याच पेशींची असते, म्हणून औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच चालतात, आणि हे नातेवाईकांना नीट सांगितलं नाही तर "आता दुसरा कॅन्सर झाला" म्हणून घर उगाच दुप्पट घाबरतं.

हाडच का, हा प्रश्न जुना आहे. स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ साली स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या आणि बी आणि जमिनीची कल्पना मांडली, म्हणजे बी वाऱ्यावर चारी दिशांना उडतं पण रुजतं तिथेच जिथे जमीन मानवते. पुढे १९४० मध्ये बॅटसन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने मणक्याभोवतीच्या शिरांचं जाळं दाखवलं, त्या शिरांना झडपा नसतात त्यामुळे रक्त उलटंसुलटं दोन्हीकडे वाहू शकतं आणि छातीतून थेट मणक्यात जायला वाट मिळते. हाडात गेल्यावर या पेशी स्वतः हाड फारसं खात नाहीत, आपल्या हाडात जुनं हाड झिजवणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी असतात, त्यातल्या झिजवणाऱ्यांना त्या चेतवतात, हाड विरघळलं की त्यातून वाढीला पोषक द्रव्यं सुटतात, त्यावर कॅन्सर आणखी पोसतो, आणि हे चक्र चालूच राहतं. मणका, खुबा आणि कमरेची हाडं, बरगड्या, छातीचं मधलं हाड, मांडीच्या आणि दंडाच्या हाडाचा वरचा भाग, कवटी ही नेहमीची ठिकाणं. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खाली क्वचितच.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा दुखणं. आणि इथेच सगळा घोळ होतो, कारण चाळिशी पन्नाशीनंतर कंबर कोणाची दुखत नाही? पण या दुखण्याची चाल वेगळी असते. एकाच ठिकाणी असतं, बोट ठेवून दाखवता येतं, आत खोल ठणकतं, आठवड्यागणिक वाढत जातं, आणि मुख्य म्हणजे आडवं पडून थांबत नाही, उलट रात्री जास्त होतं, झोपेतून उठवतं. साधी उसण भरली असेल तर दोन चार दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आराम पडतो, शेक दिला पडून राहिलं की बरं वाटतं, हे तसं नसतं. पुढे हाड कमजोर झालं की दुसऱ्या तऱ्हेचं दुखणं सुरू होतं, वजन टाकलं, कूस बदलली, जिना चढला की जोरात कळ येते, ही कळ हाड मोडायच्या बेतात असल्याची खूण असू शकते. काही जणींना मात्र काहीच दुखत नाही, दुसऱ्या कशासाठी स्कॅन केला आणि त्यात दिसलं असंही होतं.

आपल्याकडे हे दुखणं कुठे कुठे फिरतं ते बघितलं की जीव तुटतो. आधी बाम, मग मालीश, मग "वाताचं आहे", मग "मणक्यात गॅप आहे" म्हणून कमरेचा पट्टा, मग कोणीतरी गावातल्या हाडवैद्याचं नाव सांगतं, आणि आधीच पोखरलेल्या मणक्यावर दाब देऊन किंवा झटका देऊन घेणं किती धोक्याचं आहे हे कोणालाच माहीत नसतं. त्यात आपल्या बायका दुखणं अंगावर काढण्यात पटाईत. ऑपरेशन होऊन ८ वर्षं झालेली, १२ वर्षं झालेली, मग नव्या डॉक्टरांना तो आजार सांगायचं राहूनच जातं, पण हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर १०, १५, अगदी २० वर्षांनीही हाडात उगवू शकतो, म्हणून कंबरदुखीसाठी कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य तेच असू द्या, "मला पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता."

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर ट्रीटमेंट चालू असलेली प्रत्येक बाई रोज रात्री भीतीने जागी राहील. दुखतंय म्हणजे पसरलंयच असं अजिबात नाही. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांनी सांधे दुखतात, पण ते सहसा दोन्ही हातांची बोटं, मनगटं, गुडघे असं दोन्हीकडे आणि सकाळी आखडलेलं, हालचाल केली की सैल होणारं. केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला जे इंजेक्शन देतात त्यानेही कमरेत, मांड्यांत ठणका लागतो, तो काही दिवसांत जातो. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोलनेच हाडं ठिसूळही होतात. शिवाय मणक्याचा टीबी आपल्याकडे भरपूर, रात्रीचा ठणका आणि वजन उतरणं त्यातही असतं. एमआरआयमध्ये थोडा फरक कळतो, टीबीत बहुधा दोन मणक्यांमधली चकतीसुद्धा खराब होते आणि कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा शाबूत राहते, पण खात्री तुकडा काढून तपासल्यावरच.

आता मज्जारज्जूवरचा दाब, सगळ्यात घाईचं लक्षण. मणक्यातली गाठ वाढून किंवा मणका खचून आतला मज्जारज्जू दाबला जातो. पाय जायच्या आधी बऱ्याचदा कित्येक आठवडे नुसती पाठ दुखत असते, आडवं झाल्यावर, खोकताना, शिंकताना, कुंथताना वाढते, छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. मग पाय जड होतात, जिन्यावर लटपटतात, चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, मुंग्या येतात, बसायची जागा बधिर वाटते, लघवी तुंबते किंवा नकळत होते, संडासवरचा ताबा जातो. यातलं काहीही दिसलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही, रात्र असो की दिवाळीचा पाडवा असो त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे स्टेरॉइड सुरू करतात, अख्ख्या मणक्याचा एमआरआय करतात कारण दाब एकापेक्षा जास्त जागी असू शकतो, आणि मग ऑपरेशन किंवा रेडिएशन. पेशंट चालत असताना उपचार सुरू झाले तर बहुतेक जणी चालत्या राहतात, पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणं फार अवघड. म्हणूनच एवढं ताणून सांगतोय.

हाड मोडणं हे पुढचं. पडायलाही लागत नाही, बादली उचलली, कूस बदलली आणि बरगडी मोडली, खुर्चीतून उठताना मांडीचं हाड गेलं. मणके खचले तर उंची कमी होते, पाठीला बाक येतो. मांडीचं हाड कमजोर झालंय असं एक्सरेत आधीच दिसलं तर मोडायच्या आधीच आत रॉड घालून घेणं केव्हाही चांगलं.

रक्तात कॅल्शियम वाढणं हे लक्षण सहज निसटतं, कारण ते हाडाचं वाटतच नाही. विरघळलेल्या हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं आणि मग तोंडाला कोरड, सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, पोट साफ न होणं, मरगळ, नंतर असंबद्ध बोलणं, ग्लानी. घरच्यांना वाटतं केमोचा थकवा आहे किंवा शुगर वाढली असेल. साध्या रक्ततपासणीत कळतं, आणि सलाईन व हाडाचं इंजेक्शन (हाड झिजणं रोखणारं) दिलं की बऱ्याच जणी काही दिवसांत माणसात येतात. हाडं दुखतात म्हणून मनानेच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका असं म्हणतात ते यासाठी, पण डॉक्टर हाडाच्या इंजेक्शनबरोबर त्याच गोळ्या देत असतील तर त्या घ्यायच्या, त्या इंजेक्शनने कॅल्शियम खाली जातं.

हाडातल्या मगजात कॅन्सर भरला की रक्त तयार होणं कमी होतं, मग दम लागणं, पांढरं पडणं, वारंवार ताप, अंगावर निळे डाग. आणि एक छोटंसं लक्षण, हनुवटी आणि खालचा ओठ एका बाजूने बधिर होणं, दाताचं इंजेक्शन घेतल्यासारखं. जबड्यात किंवा कवटीच्या तळाशी गाठ असू शकते, दातांचं काही नसताना असं झालं तर सांगायला विसरू नका.

तपासात साध्या एक्सरेवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात खड्डा दिसत नाही. म्हणून बोन स्कॅन, पेट सीटी किंवा एमआरआय, आणि शक्य असेल तर हाडातला तुकडा पुन्हा तपासतात कारण हार्मोन आणि हर टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) चे रिझल्ट पहिल्या गाठीपेक्षा बदललेले असू शकतात.

हा आजार या टप्प्यावर मुळापासून जात नाही, हे खरं आहे, पण फक्त हाडात असेल तर हार्मोनच्या गोळ्या आणि त्यांच्या जोडीच्या नव्या औषधांवर कित्येक जणी वर्षानुवर्षं घर, नोकरी सगळं करतात. हाड वाचवायला झोलेड्रोनिक अ‍ॅसिड शिरेतून किंवा डेनोसुमॅब कातडीखाली देतात, दोन्हींच्या आधी दात दाखवून घ्यायचे, नंतर दात उपटला तर जबड्याचं हाड भरून येत नाही अशी अडचण होऊ शकते. दुखऱ्या जागेवर एकाच दिवसात ८ ग्रेचं (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) एकच रेडिएशन दिलं तरी बऱ्याच जणींचं दुखणं, जास्त दिवसांच्या रेडिएशनइतकंच कमी होतं, पहिले दोन तीन दिवस ठणका उलट वाढू शकतो, खरा आराम दोन ते चार आठवड्यांत. तोवर मॉर्फिन लागलं तर लागलं. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, सवय लागेल, ही भीती घरोघरी आहे आणि तिच्यापायी बायका रात्र रात्र कण्हत काढतात. २०१४ साली अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा बदलून मॉर्फिन मिळणं थोडं सोपं केलं ते याच दुखण्यासाठी. ते ठरलेल्या वेळेला घड्याळ बघून घ्यायचं, दुखायची वाट न बघता, आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध बरोबर मागून घ्यायचं.