५१ टक्क्यांचा गैरसमज

‘५१ टक्के संगणनशक्ती नसेल तर ब्लॉकचेन (व्यवहारांच्या ब्लॉकची साखळी) उलटवता येत नाही’, हे ब्लॉक नेटवर्कभर पोहोचायला लागणारा विलंब शून्य असेल तरच खरं. ब्लॉक पसरत असताना दुसऱ्या प्रामाणिक मायनरनेही (संगणनशक्ती खर्चून नवे ब्लॉक काढणाऱ्यानेही) त्याच उंचीवर, म्हणजे साखळीतल्या त्याच क्रमांकावर, ब्लॉक काढला, तर दोहोंपैकी एक वाया जातो. हल्लेखोर मात्र गुपचूप साखळी वाढवतो; त्याचं काहीच वाया जात नाही.

साखळी सुरक्षित राहण्यासाठी २०२० मध्ये सिद्ध झालेली अट: प्रामाणिक वेग ‘ह’ ब्लॉक प्रतिसेकंद, कमाल विलंब ‘ड’ सेकंद, तर हल्लेखोराचा वेग ह ÷ (१ + ह × ड) पेक्षा कमी हवा. बिटकॉइनमध्ये सरासरी ६०० सेकंदांना एक ब्लॉक आणि १० सेकंद विलंब धरल्यास उंबरठा, म्हणजे हल्ल्याला लागणारा एकूण शक्तीतला वाटा, ४९.८ टक्के. फरक नगण्य. पण विलंब तोच ठेवून दर १० सेकंदांनी ब्लॉक काढा, तो थेट ३८.२ टक्क्यांवर घसरतो (होय, सुवर्ण गुणोत्तरातूनच येणारा आकडा: १ − ०.६१८!). उंबरठ्याच्या आतही सहा कन्फर्मेशन (व्यवहाराचा ब्लॉक धरून साखळीत जमलेले सहा ब्लॉक) म्हणजे हमी नव्हे. कन्फर्मेशन वाढतील तसा धोका झपाट्याने घटतो, शून्य होत नाही.