अँथ्रॅक्स, बीटी आणि प्लाझमिडवर टेकलेली नावं

जीवाणू ४२-४३ डिग्रीला वाढवून कमजोर करायचा ही १८८१ ची फ्रान्समधली अँथ्रॅक्सच्या लसीची युक्ती सगळ्यांना माहितीये, पण तो कमजोर का होतो हे कळायला शंभर वर्षं गेली. १९८३ मध्ये अमेरिकेत दिसलं की त्या तापमानाला एक मोठं प्लाझमिड (जीवाणूच्या क्रोमोसोमपासून वेगळं असलेलं डीएनएचं कडं) गळून जातं आणि टॉक्सिनचे म्हणजे विषाचे जीन त्याच्यावरच असतात. हे पीएक्सओ-१, साधारण १८२ हजार बेसजोड्यांचं. १९८५ मध्ये कॅप्सूलचे (जीवाणूभोवतीच्या संरक्षक आवरणाचे) जीन असलेलं पीएक्सओ-२ कळलं, ९५ हजारच्या आसपास.

एवढं मोठं प्लाझमिड अख्खं बाहेर काढणं कठीण, जोरात ढवळलं तरी तुटतं आणि मग जेलवर (ज्यात डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करतात) क्रोमोसोमच्या तुकड्यांत हरवतं, त्यात कल्चर जुनं झालं की स्पोर (टणक कवचाचे बीजाणू) बनतात आणि स्पोर लायसोझाइमला (पेशीची भिंत फोडणाऱ्या एन्झाइमला) दाद देत नाहीत, म्हणून कोवळं कल्चर घेऊन पेशी अलगद फोडायच्या. तेव्हाच्या लोकांनी हे हातांनी जमवलं, कमाल आहे.

खरा वाद नावांचा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे बीटी, त्याचे कीटक मारणाऱ्या क्रिस्टल प्रोटीनचे जीन पण बहुतेक प्लाझमिडवर (विदर्भातल्या बीटी कापसातला क्राय१एसी जीन मुळात तिथलाच), आणि १९८२ मध्येच दाखवलं होतं की ते प्लाझमिड बॅसिलस सीरियस या जवळच्या नात्यातल्या जीवाणूमध्ये गेलं की सीरियस पण क्रिस्टल बनवायला लागतो. मग त्याला म्हणायचं काय? २००० साली थेट मांडलं गेलं की सीरियस, थुरिंजिएन्सिस, अँथ्रॅसिस (अँथ्रॅक्सचा जीवाणू) ही एकच जात. तरी नावं वेगळीच ठेवली, कारण दवाखाने, जैवसुरक्षा, कीटकनाशकांचं रजिस्ट्रेशन सगळं त्या नावांवर चालतं. सोय म्हणून ठीक, पण माझ्या मते यात धोका आहे. आपल्याकडे गुरांना टोचतात त्या अँथ्रॅक्सच्या स्टर्न लसीत पीएक्सओ-२ नाही, तरी ती अँथ्रॅसिस, आणि २००४ मध्ये लुईझियानाच्या पेशंटमधला जो जीवाणू छापून आला त्यात पीएक्सओ-१ सारखंच प्लाझमिड, आजार अँथ्रॅक्ससारखा, नाव मात्र सीरियस! नंतर आफ्रिकेत चिंपांझींना मारणारे असेच सापडले, त्यांच्यात तर दोन्ही प्लाझमिडं.

२०२० मध्ये सुचवलं गेलं की जात जीनोमवरून ठरवा आणि अँथ्रॅक्स, क्रिस्टल वगैरे गुण बायोव्हार (जातीतला गुणांवरून ओळखायचा प्रकार) म्हणून पुढे जोडा. मला हेच पटतं, कारण आता लाँग-रीड सिक्वेन्सिंगने (डीएनएचे लांबलचक तुकडे सलग वाचायच्या पद्धतीने) अख्खं प्लाझमिड एका झटक्यात वाचता येतं, तर रिपोर्टमध्ये नावाबरोबर प्लाझमिड कोणतं तेही लिहायलाच हवं.