जुना हात की नवा कॅमेरा? चोरपावलांच्या खेळांतल्या एका वादाची पार्श्वभूमी

२८ ऑगस्ट २०२५ रोजी 'मेटल गिअर सॉलिड डेल्टा : स्नेक ईटर' हा लपतछपत खेळायचा व्हिडिओगेम बाजारात आला, त्या दिवशी गोव्यात दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन होतं. पणजी-मडगावात नोकरी करणारी मंडळी चवथीसाठी मूळ घरी गेलेली, चुलत-मावस भावंडं एका छपराखाली जमलेली. खेळ जुन्या पद्धतीने खेळायचा की नव्या, हा एरवी फोनवर होणारा वाद माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, समोरासमोर होण्याचा हा मुहूर्त. वाद अर्थात कोंकणीत, त्यावरचं लिखाण मराठीत. आपल्याकडे हे असंच चालतं.

वादाचं कारण खेळातच पुरवलेलं आहे. 'न्यू स्टाइल' हवी की 'लेगसी स्टाइल', अशी निवड तो खेळणाऱ्यापुढे ठेवतो. पहिलीत कॅमेरा नायकाच्या पाठीमागे, हातातल्या पॅडच्या उजव्या स्टिकने, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या दांडीने, चहूकडे फिरणारा. बसून चालता येतं, खांद्यावरून नेम धरता येतो. दुसरीत २००४ सालच्या मूळ खेळासारखा उंचावरून बघणारा कॅमेरा आणि बटणांची जुनी मांडणी. पीएस-टूवर (प्लेस्टेशन २ वर) हात बसलेला दादा म्हणतो, नव्या पद्धतीत खेळ सोपा झाला. याच मालिकेतल्या अलीकडच्या 'फँटम पेन'पासून सुरुवात केलेला धाकटा म्हणतो, दादा, पुढच्या झाडामागे कोण उभा आहे तेच दिसत नसेल तर त्याला कठीण नाही, कटकट म्हणतात.

डेल्टा हा रिमेक आहे, पुढचा भाग नव्हे. पण लपतछपत खेळायच्या मालिकांमध्ये नवा भाग आला की हेच भांडण नव्या कपड्यांत उभं राहतं, आणि त्याला चांगलाच जुना इतिहास आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठे झुकतोय. पहारेकरी कुठे उभा करायचा, भिंत किती उंच ठेवायची, हे ठरवणाऱ्याने खेळणाऱ्याचा हात, म्हणजे त्याची बटणं आणि कॅमेरा, काय करू शकतो याचा हिशेब आधीच मांडलेला असतो. हात बदलला आणि भिंत तशीच राहिली, तर तो हिशेब चुकतो. दादांची तक्रार निव्वळ आठवणींचे कढ नसते, ती यामुळे.

१९८१ साली ॲपल-टू संगणकावर आलेला 'कॅसल वुल्फेनस्टाइन' हा या घराण्याचा पणजोबा. सायलस वॉर्नर यांच्या त्या खेळात चालायला किबोर्डच्या डाव्या बाजूच्या कळा होत्या आणि बंदूक रोखायला उजव्या बाजूच्या. चालणं एका हातात, नेम दुसऱ्या हातात ही आजच्या दोन स्टिकची वाटणी तिथे कळांवर दिसते.

त्यानंतर १९८७. कोनामी या जपानी गेम कंपनीत नव्याने लागलेल्या हिदेओ कोजिमा यांच्याकडे एमएसएक्स-टू संगणकासाठी युद्धाचा खेळ करण्याचं काम आलं. यंत्राची अडचण अशी की एका आडव्या ओळीत ठरावीक संख्येहून जास्त हलत्या आकृत्या त्याला दाखवताच येत नसत. शत्रूंची फौज आणि गोळ्यांचा पाऊस बादच. मग लढण्याऐवजी लपायचं. पहिल्या 'मेटल गिअर'मधले पहारेकरी फक्त नाकासमोर बघत. १९९० च्या दुसऱ्या भागात ते मान वळवू लागले, आवाज ऐकू लागले, आणि नायकाला सरपटता येऊ लागलं, रडार मिळालं. शत्रूला नवी नजर दिली तेव्हा खेळाडूच्या हातालाही नवी हालचाल दिली. हा तोल पुढे कुठे कुठे ढळला, त्याचाच हा सगळा इतिहास.

१९९८ हे या प्रकाराचं मोठं वर्ष. 'तेन्चू', 'मेटल गिअर सॉलिड' आणि 'थीफ' एकाच वर्षात आले आणि तिघांनी तीन तऱ्हांचे हात वापरले. त्यातले दोन बघू. 'थीफ'मध्ये सगळं नायकाच्या डोळ्यांतून दिसायचं. अंधारात किती मिसळलोय हे सांगणारा एक रत्नासारखा खडा पडद्याच्या तळाशी, आणि फरशीवर चाललात की गवतापेक्षा जास्त आवाज. 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये कॅमेरा डोक्यावर. त्रिकोणाचं बटण धरलं की नायकाच्या नजरेतून बघता येई, पण त्या नजरेने चालता येत नसे आणि साध्या पिस्तुलाने गोळीही झाडता येत नसे. कोपऱ्यातल्या रडारवर पहारेकऱ्यांच्या नजरेचे त्रिकोण दिसत, त्यामुळे निभावून जाई.

आता खरी गंमत आहे ती पीएस-टूच्या पॅडची. त्याची बटणं नुसतं दाबलं की नाही एवढंच ओळखत नसत, किती जोराने दाबलं तेही मोजत. २००१ च्या 'मेटल गिअर सॉलिड २' ने याचा जो वापर केला तो आजही कुणाला पटकन समजावता येत नाही. चौकोन दाबून धरला की बंदूक रोखली जाते. झटकन सोडला की गोळी सुटते. हळूहळू सोडला की गोळी न सुटता हात खाली येतो. म्हणजे माघार घ्यायची तर अंगठ्याला संयम लागायचा. मागून जाऊन पहारेकऱ्यावर बंदूक रोखली, त्याने हात वर केले, आणि तेवढ्यात तुमचा अंगठा घसरला, तर पुढचा अनर्थ तुमचाच. २००४ च्या 'स्नेक ईटर'ने हे आणखी पुढे नेलं. गोल बटण हलकं धरलं की शत्रू पकडीत, मग डावी स्टिक दाबून त्याच्याकडून माहिती काढायची; तेच गोल बटण जोरात दाबलं की त्याचा गळा चिरला जाई.

म्हापसा, फोंडा, मडगाव इथल्या गेम पार्लरांत हे शिकणं म्हणजे शिक्षाच होती. पॅड शेकडो अंगठ्यांनी झिजलेले, बरेचसे नकली, आणि नकली पॅडला हलकं-जोरात काही कळत नसे. चौकशीसाठी धरलेला प्रत्येक सैनिक तिथे मरायचा. ज्यांचा मामा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, होता आणि बोटीवरून येताना अस्सल कन्सोल घेऊन आला होता, त्यांनाच मुळात कळलं की तो सैनिक बोलूही शकतो. गोव्यातल्या दादा लोकांतही सगळ्यांचा 'जुना हात' एकच नव्हता, हे या वादात कुणी बोलत नाही.

पुढे ही बटणंच गेली. एक्सबॉक्स ३६० च्या पॅडवर अशी बटणं नव्हती, त्यामुळे या जुन्या भागांचा २०११ चा एचडी संग्रह तिथे नेताना बंदूक खाली घेण्यासाठी वेगळी सोय करावी लागली. २०१३ साली पीएस-फोरबरोबर आलेल्या ड्युअलशॉक ४ या पॅडवरूनही दाब ओळखणारी बटणं काढली गेली. एखादा खेळ रंगरूप न बदलताही हातातून बदलतो, तो असा.

हात बदलून भिंत तशीच ठेवल्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना मात्र २००४ चाच आहे. निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलसाठी पहिला 'मेटल गिअर सॉलिड' पुन्हा करण्यात आला, 'द ट्विन स्नेक्स' नावाने. खोल्यांचे आराखडे जवळपास १९९८ चे, पण नायकाच्या नजरेतून नेम धरण्याची 'मेटल गिअर सॉलिड २' मधली सोय त्यात बसवलेली. परिणाम असा की ज्या लढती उंचावरच्या कॅमेऱ्यातून पळत-अंदाज घेत करायच्या म्हणून रचल्या होत्या, त्या उभ्या जागी नेम धरून संपू लागल्या. रिव्हॉल्व्हर ऑसेलॉटशी होणारी लढत आठवा. मधोमध स्फोटकांना बांधलेला ओलीस, आणि त्याच्याभोवती दोघांनी गोल गोल फिरायचं. सगळी अडचण नेम धरण्यातली होती आणि नेमकी तीच काढून टाकली. नवी सोय स्वतः वाईट नव्हती. दुसऱ्या भागात ती उत्तम चालते, कारण तिथले पहारेकरी, त्यांची गस्त, त्यांनी मदत मागवणं हे सगळं तिच्या हिशेबाने बेतलेलं आहे.

संगणकाच्या बाजूला हीच कथा 'स्प्लिंटर सेल'ची. २००२ साली आलेल्या या खेळात संगणकावर चालण्याचा वेग माऊसच्या चाकाने ठरवायचा. चाक एकेक दात मागे घ्या, नायक सॅम फिशर आणखी हळू चालतो. कन्सोलच्या स्टिकवर अंगठा अलगद तोलून धरावा लागे. चाकावर एकदा वेग बसवला की बसला. किबोर्डवर चोरपावलं टाकण्याची इतकी सुरेख सोय दुसरी मला माहीत नाही. सायबर कॅफेत मात्र हा खेळ फारसा कुणी लावत नसे. तासावर पैसे मोजणाऱ्या पोराला सावकाश चालणं परवडायचं कसं? तिथे काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळाचं राज्य.

२००५ च्या 'केऑस थिअरी'त तुम्ही किती उजेडात आहात हे दाखवणाऱ्या पट्टीजोडीला आवाजाची पट्टी आली. आजूबाजूला यंत्राची घरघर असेल तर त्याआड तुमची पावलं खपून जात. पुष्कळ जणांच्या लेखी हा या मालिकेचा कळस, आणि मी त्यातलाच. मग २०१० चा 'कन्व्हिक्शन'. एकाला हाताने लोळवायचं, बाकीच्यांवर खुणा करायच्या, आणि एका बटणाने सगळे गार. पट्ट्या गेल्या, त्यांच्या जागी तुम्ही अंधारात असलात की पडदा कृष्णधवल होई. प्रेत उचलून लपवण्याची सोय काढली. जुन्या खेळाडूंचा संताप या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त होता आणि तो मला रास्त वाटतो, कारण एक बटण काढल्यावर 'आपल्यामागे काय उरलं' हा प्रश्नच खेळातून गेला. २०१३ च्या 'ब्लॅकलिस्ट'मध्ये प्रेत उचलणं परत आलं आणि न मारता पार होण्याची वाटही. तेव्हा ओरड करणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही असंही नाही.

'थीफ'चं उदाहरण थोडक्यात. २०१४ च्या नव्या भागात हवं तिथे उडी मारता येत नव्हती. कडा जवळ आला की बटण आपोआप उडीचं काम करी. दोरीचे बाणही ठरावीक जागीच रुतत. ज्यांनी १९९८ आणि २००० चे भाग छपरांवरून स्वतःची वाट शोधत खेळले होते, त्यांना हे कुणीतरी बोट धरून नेल्यासारखं वाटलं.

'असॅसिन्स क्रीड'ची तऱ्हा उलटी. २००७ च्या पहिल्या भागात चार बटणं म्हणजे डोकं, शस्त्राचा हात, मोकळा हात आणि पाय, अशी कळसूत्री बाहुलीची कल्पना होती. एक ट्रिगर (पॅडच्या खांद्याकडचं बटण) धरला की वागणं उघड, सोडला की सभ्य. २०१२ च्या तिसऱ्या भागाने धावत चढण्यासाठी लागणारी दोन बटणं एकावर आणली आणि कुरकुर सुरू झाली. आणि गंमत बघा, मारेकऱ्यांच्या या मालिकेत हवं तेव्हा खाली बसण्याचं स्वतंत्र बटण यायला २०१४ चा 'युनिटी' उजाडावा लागला. तोवर नायक गवतात शिरला की वाकायचा, बाहेर ताठ मानेने चालायचा. २०१७ च्या 'ओरिजिन्स'ने तलवारीचे वार समोरच्या बटणांवरून खांद्याकडच्या बटणांवर नेले, आणि दहा वर्षांची सवय एका रात्रीत निकामी झाली. मार्च २०२५ च्या 'शॅडोज'मध्ये जमिनीवर आडवं होऊन सरपटणं आणि दिवे विझवून अंधार करणं आलं. म्हणजे १९९० आणि १९९८ साली इतरांनी सोडवलेले प्रश्न. या बदलांवर माझी तक्रार नाही. उशीर झाला एवढंच.

आता पुन्हा 'स्नेक ईटर'कडे, कारण डेल्टाच्या वादात एक दुवा सगळेच विसरतात. २००४ चा मूळ खेळ आला तेव्हाच त्याच्या कॅमेऱ्यावर टीका झाली होती. कथा १९६४ ची म्हणून आधीच्या भागांतलं रडार काढलेलं, मैदान बंदिस्त इमारतींऐवजी जंगलाचं, आणि कॅमेरा मात्र अजून डोक्यावर. झुडपापलीकडचा सैनिक दिसायचाच नाही. त्याच वेळी, २००५ च्या 'रेसिडेंट इव्हिल ४' ने खांद्यामागचा कॅमेरा रूढ केला. डिसेंबर २००५ मध्ये जपानात आणि पुढच्या वर्षी इतरत्र 'स्नेक ईटर'ची 'सबसिस्टन्स' आवृत्ती निघाली. तिच्यात उजव्या स्टिकने फिरवायचा मोकळा कॅमेरा होता, आणि तीच स्टिक आत दाबली की जुना कॅमेरा परत. खेळता खेळता, हवा तेव्हा.

त्यामुळे 'जुना कॅमेरा हाच खेळाचा खरा आत्मा' हा दादांचा दावा पुरता टिकत नाही. कर्त्यांनीच वर्षभरात पर्याय दिला होता. त्यांनी तेव्हा जे केलं नाही ते म्हणजे बसून चालणं आणि खांद्यावरून नेम. ते २००८ च्या चौथ्या भागात आलं आणि २०१२ साली थ्रीडीएस या हातातल्या कन्सोलवरच्या 'स्नेक ईटर'मध्ये बसवलं गेलं. निवडीचे पर्यायही जुनेच. २०१० मध्ये पीएसपी या हातातल्या कन्सोलवरच्या 'पीस वॉकर'ने, त्या यंत्राला दुसरी स्टिकच नसल्यामुळे, शूटर, ॲक्शन आणि हंटर अशा तीन मांडण्या दिल्या होत्या.

धाकट्याचीही बाजू तेवढीच अर्धी. मोकळ्या कॅमेऱ्याने झाडामागचं दिसतं हे खरं, पण डेल्टात जंगल त्याच क्रमाने, त्याच तुकड्यांत येतं, आणि ते तुकडे लहान आहेत कारण पीएस-टूला एका वेळी तेवढेच झेपत होते. बसून झपझप चालणाऱ्या माणसाला ते पटकन संपतात. मूळ खेळात एकतर उभं राहा, नाहीतर पालथं पडून सरपटा, मधलं काही चालताना नव्हतंच. आणि अगदी हळू चालायचं तर दिशांच्या चार बटणांवर अंगठा न्यावा लागे. त्या मधल्या रिकाम्या जागेतच निम्मी भीती होती.

आणि 'लेगसी' निवडूनही २००४ चा हात पुरता मिळत नाही. पीएस-फाइव्हच्या पॅडवर खांद्याकडचे ट्रिगर बोटाला उलटा जोर लावतात, पण चौकोन आणि गोल आता दाब मोजत नाहीत.