हमनवा (कव्वाली)

कव्वालीच्या पार्टीत मुख्य कव्वालाला साथ करणारे गायक-वादक. पार्टी साधारण आठ-दहा जणांची. मुख्य कव्वाल, जोडीचा गायक आणि पेटी पुढच्या ओळीत. ढोलक, तबला आणि टाळ्या देत टेक उचलणारी मंडळी बहुधा मागच्या ओळीत. मुंबईकडच्या पार्ट्यांत बेंजोही असतो. कोकणपट्टीवर कव्वाली मुख्यतः उरुसात ऐकायला मिळते. माहीमच्या मखदूम अली माहिमींच्या (१३७२–१४३१) दर्ग्यावर तिची परंपरा आहे.

हमनवांचे खरे काम तकरारीत, म्हणजे एकाच ओळीच्या आवर्तनांत दिसते. मुख्य कव्वाल मधेच दुसऱ्या कवीचा शेर आणून मूळ ओळीला जोडतो. याला ‘गिरह’ म्हणतात. तो शेर कोणता, किती लांबणार, हे पुष्कळदा आधी ठरलेले नसते. शेराचा शेवट मूळ ओळीवर आला की सगळ्यांनी एकदम टेक उचलायची. क्षणभर उशीर झाला तरी गिरह सैल पडते. डबलबारी भजनात, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवांनी गजर सोडताच कोरस तो कसा झेलतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही सावधता लगेच कळेल. साथीदाराचा गळा साधा असला तरी चालते. कान मात्र तयार हवा.

एखाद्या ओळीवर श्रोत्याला ‘हाल’ आला, म्हणजे भावावेशाने त्याचे भान हरपले, तर तो सावरेपर्यंत ती ओळ सोडायची नाही, असा समाच्या, म्हणजे सूफी भक्तिगायन ऐकण्याच्या, मैफलीचा रिवाज आहे. एका गळ्याला हे झेपणारे नाही. अशा वेळी ओळ हमनवा धरून ठेवतात, ढोलकवाला लय ढळू देत नाही आणि मुख्य कव्वालाला दम घ्यायला उसंत मिळते. तो सरगम-तानांत लांब निघून जातो, तेव्हाही टेक आणि टाळी मागे शाबूत असते, म्हणूनच त्याला जाता येते.

हे शिक्षण बहुधा घरातच होते. भाऊ, पुतणे, शागीर्द लहानपणी मागच्या ओळीत टाळीला बसतात. नुसरत फतेह अली खाँ यांच्या पार्टीत धाकटे भाऊ फर्रुख पेटी वाजवत व गात, तर तबल्यावर दिलदार हुसेन असत. इतकी ओळख थोड्यांच्याच वाट्याला आली. ध्वनिमुद्रिकांवर कव्वालाच्या नावापुढे नुसते ‘आणि पार्टी’ छापले जाई, त्यामुळे कित्येक उत्तम ढोलकवाल्यांचा ठेका आज ऐकू येतो, पण तो कोणाचा हे सांगता येत नाही.