कयाकवरील मासेमारीची साधने

कयाकमध्ये बसून गळाने मासे धरताना लागणारे रॉड, रील, दोरी आणि इतर सामान, तसेच ते निवडताना पाहायच्या गोष्टी. कयाक ही अरुंद, हलकी, वल्ह्याने चालवायची होडी मूळची आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवत आणि तिच्यातून शिकार करत. आज मासेमारीला वापरतात ती बहुतेक पॉलिथिलीनची, वरून उघडी, ‘सिट-ऑन-टॉप’ प्रकारची असते. तिच्यावर आलेले पाणी तळापर्यंत गेलेल्या आरपार भोकांतून आपोआप निघून जाते. नागपूर परिसरातल्या तलावांसाठी आणि जलाशयांसाठी हाच प्रकार सोयीचा आहे. पोटात पाणी साठून होडी बुडण्याचे भय त्यात कमी असते आणि पाण्यात पडलेल्या माणसाला पुन्हा चढून बसता येते.

विदर्भातला ढिवर डोंग्यात उभा राहतो, तोल सांभाळत जाळे फेकतो. कयाकमधला माणूस पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर, पाय लांब करून बसलेला असतो. त्याला मागे वळता येत नाही, एका बाजूला फार झुकता येत नाही आणि दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असतात. शिवाय मासा गळाला लागला की होडी जागेवर राहत नाही. तीन-चार किलोचा कटलाही मोकळ्या पाण्यात कयाक आपल्यामागे ओढत नेतो. काठावर उभ्या माणसाच्या पायाखाली जमीन असते, इथे ती नसते. म्हणून कयाकवर होडी हाही गळाच्या सामानाचाच एक भाग ठरतो, आणि रॉडपासून पक्कडीपर्यंत प्रत्येक वस्तू बसल्या जागेवरून, एका हाताने वापरता येते का हे आधी पाहावे लागते. काठावर उत्तम चालणारे महागडे सामान इथे अडचणीचे ठरते ते यामुळेच.

रॉड

लांबीचा प्रश्न सर्वांत आधी येतो. छोट्या होडीला छोटा रॉड, असे नवख्याला वाटते आणि तो साडेपाच-सहा फुटांचा रॉड घेतो. ही चूक जवळजवळ प्रत्येकाकडून होते. गळाला लागलेला मासा होडीजवळ आला की हमखास तळाखालून पलीकडे जातो. अशा वेळी रॉडचे टोक पाण्यात खाली घालून, होडीच्या नाकावरून फिरवून त्या बाजूला न्यावे लागते. रॉड आखूड असेल तर टोक नाकापलीकडे पोहोचत नाही, दोरी होडीच्या कडेवर घासते आणि तुटते. ७ ते साडेसात फूट ही लांबी त्यासाठी योग्य. आठ-नऊ फुटांचा रॉड दूर फेकायला छान, पण मासा जाळीत घेताना टोक डोक्यामागे फार जाते आणि मासा हाताच्या पोहोचीत येत नाही.

लांबी हवी ती पुढच्या भागात, मुठीमागे नव्हे. काठावरच्या रॉडची मागची दांडी कोपरापलीकडे जाते. कयाकमध्ये ती लाइफ जॅकेटच्या खिशांत, खुर्चीच्या पाठीत आणि वल्ह्यात अडकते. रीलमागची दांडी हाताच्या कोपरापर्यंत किंवा त्याहून थोडी आखूड असावी. दुकानात उभ्याने रॉड झुलवून पाहण्यात अर्थ नाही. जमिनीवर पाय लांब करून बसावे, शक्य असल्यास जॅकेट घालावे आणि मग हात फिरवून पाहावा.

रॉडची ताकद माशावरून ठरते. नागपूरकडच्या पाण्यात दोन स्वभावांचे मासे असतात. एकीकडे कटला, रोहू, मृगळ ही कार्प मंडळी. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. कणकेचा किंवा पेंडीचा गोळा ते चोखत चोखत घेतात आणि लागल्यावर लांब पळतात. त्यांचे ओठ मऊ, त्यामुळे मध्यम ताकदीचा, निम्म्यापर्यंत वाकणारा रॉड बरा. माशाचा झटका तो स्वतःत जिरवतो. दुसरीकडे मरळ. ती काठच्या गवतात, बेशरमच्या झुडपांखाली, कमळाच्या पानांत दबा धरून असते. रबरी बेडकावर तुटून पडते आणि लागताच गवतात शिरते. तिला पहिल्या दोन-तीन सेकंदांत बाहेर खेचले नाही तर दोरी गुंतलीच. तिच्यासाठी टोकाकडे वाकणारा, मध्यम-भारी किंवा भारी रॉड लागतो. एकच रॉड घ्यायचा झाला तर ७ फुटी, मध्यम-भारी घ्यावा. त्याने कार्प सांभाळता येतो, पण हलक्या रॉडने मरळ गवतातून निघत नाही.

बसून झटका मारण्याची रीतही वेगळी. उभ्या माणसासारखा रॉड डोक्यावर उचलला तर होडीच माशाकडे सरकते आणि गळ रुतत नाही. दोरीतली ढील आधी गुंडाळून घ्यावी आणि कंबरेतून वळत रॉड आडवा ओढावा. मासा अगदी जवळ असताना रॉड उभ्या रेषेच्याही मागे नेला तर सगळा ताण टोकावर येतो. कयाकवर मोडलेल्या रॉडांपैकी पुष्कळ असे मोडतात.

कार्बनचा रॉड वीजवाहक असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर विदर्भात अवकाळी ढग अचानक येतात. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून सरळ काठ गाठावा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो.

रील आणि दोरी

सुरुवातीला स्पिनिंग रील घ्यावी, म्हणजे जिची फिरकी स्थिर राहते आणि दोरी तिच्याभोवती गुंडाळली जाते ती. रीलवरच्या आकार-क्रमांकांपैकी २५०० ते ४००० चालतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याने हँडल डाव्या बाजूला लावावे, म्हणजे फेकल्यावर हात बदलावा लागत नाही. कयाकवर हात बदलण्याच्या क्षणी एक हात रिकामा आणि तोल ढिला होतो. बेटकास्टर रील, म्हणजे फेकताना जिची आडवी फिरकी स्वतः फिरते ती, मरळीसाठी खरोखर चांगली. भारी दोरी, नेमकी फेक आणि गवतातून ओढण्याची ताकद तिच्यात आहे. पण उन्हाळी वाऱ्यात समोरून फेकताना तिच्यावर दोरीचा गुंता होतो, आणि तो सोडवेपर्यंत होडी भलतीकडे वाहत जाते. ती काठावर शिकून मग पाण्यात न्यावी. बेडूक गवतावरून ओढायचा तर ७:१ च्या आसपास गिअर (हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे सात फेरे) असलेली बेटकास्टर निवडावी, कारण ढील झटपट गोळा करावी लागते.

ड्रॅग म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सुटू देणारा रीलचा ब्रेक. त्याबद्दल सर्वसाधारण नियम असा: दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर तो बसवावा. १२ पौंडांच्या दोरीला ३-४ पौंड, म्हणजे दीड किलोच्या आसपास. घरीच दोरी स्प्रिंगकाट्याला बांधून ओढली की आकडा कळतो. कयाकवर तो आणखी थोडा ढिला चालतो, कारण ओढली जाणारी होडी स्वतःच माशाला दमवते. मरळीला मात्र ही सवलत नाही.

कार्पसाठी १२ ते १५ पौंडांची नायलॉन मोनोफिलामेंट (एकाच तंतूची दोरी) पुरते. ती ताणली जाते, आणि तोच ताण मऊ ओठ फाटू देत नाही. मरळीसाठी ३० ते ५० पौंडांची ब्रेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली दोरी. ती तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनहून बरीच बारीक असते, जवळजवळ ताणत नाही आणि गवताचे देठ कापत जाते. भरधाव निघालेली ब्रेड बोटही कापते, म्हणून ती हाताला गुंडाळून कधीही ओढू नये. तळाशी खडक किंवा बुडालेली खोडे असतील तिथे ब्रेडला दीड-दोन फूट फ्लोरोकार्बनचा (घासणे सोसणाऱ्या एकतंतू दोरीचा) तुकडा जोडावा. जोडणीला डबल युनी गाठ पुरे. एफजी नावाची बारीक गाठ सुरेख बसते, पण हलत्या होडीत मांडीवर ती बांधणे कष्टाचे.

हाताशी लागणारे सामान

लाइफ जॅकेट सगळ्यांत आधी विकत घ्यावे, रॉडच्याही आधी. पोहता येते म्हणून ते खुर्चीमागे ठेवणाऱ्यांचे काही चालत नाही, कारण होडी उलटते ती सूचना न देता. मासेमारीच्या जॅकेटला पाठीकडचा फोम वर असतो आणि खाली जाळी, त्यामुळे खुर्चीच्या पाठीला टेकता येते. पाण्यात पडलेला माणूस दुरून दिसेल असा भडक रंग आणि खांद्याला शिट्टी हवी.

वल्हे दोरीने होडीला बांधलेले असावे. वल्हे वाहून गेले तर वाऱ्यावर काठ दूर जात राहतो. रॉड आणि पक्कड यांनाही आखूड दोऱ्या लावाव्यात, मात्र लाटा उठल्या की रॉडच्या दोऱ्या सोडून तो आडवा बांधावा. उलटलेल्या होडीखाली पाय गुंतवणारी दोरी बुडणाऱ्या रॉडपेक्षा वाईट. दोनच रॉड न्यावेत. तिसरा नेहमी फेकीच्या आड येतो.

नांगर दीड किलोचा, घडीचा पुरतो. होडीच्या लांबीच्या मधोमध, बाजूच्या कडेला तो कधीही बांधू नये. वारा किंवा प्रवाह कड खाली ओढतो आणि होडी उलटते. नाकापासून शेपटीपर्यंत फिरणारी दोरी, तिला अँकर ट्रॉली म्हणतात, तिने नांगर टोकाला नेता येतो. दोरी कापायला आखूड सुरी जॅकेटवरच हवी.

सामानासाठी परदेशात दुधाचे क्रेट मागच्या खोबणीत बसवतात. नागपुरात कळमना बाजारात दिसते तसे फळांचे प्लॅस्टिक क्रेट हे काम करते, मात्र खोबणीचे माप आधी घ्यावे. त्याला पीव्हीसी पाइपचे तुकडे बांधले की रॉड उभे राहतात. त्यात गळांचा एक चपटा डबा, लांब नाकाची पक्कड, रबरी जाळीची झोळी आणि पाण्याची बाटली यापेक्षा जास्त काही नको. फोन ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत जाईल.

तीन काट्यांचे गळ काढून एकेरी लावावेत आणि त्यांचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकावेत. मांडीवर तडफडणारा मासा आणि तिथेच सुटे तीन काटे, हा प्रसंग टाळण्यासारखा आहे. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या परांचे काटे टोकदार असतात, तो उघड्या हाताने धरू नये. फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणारे यंत्र, नंतर घेता येतो. जलाशयात बुडालेले जुने नदीपात्र शोधायला तो खरा उपयोगी, छोट्या तलावात त्याची गरज नाही.

उन्हासाठी नागपूरकर तोंडाला दुपट्टा बांधतातच. तो जॅकेटच्या आत खोचावा, नाहीतर रीलमध्ये गुंडाळतो. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि गवतातली मरळ दिसते.

नागपूर परिसरातले पाणी

रामटेकजवळचा खिंडसी तलाव, बुटीबोरीकडचे वडगाव धरण, भंडारा जिल्ह्यातला वैनगंगेवरचा गोसीखुर्द जलाशय ही मोठी पाणी. वाऱ्याला अडवायला काही नसल्याने दुपारी लाटा उठतात. सकाळी लवकर उतरून दहाच्या आत परतावे. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तर धरणे जलसंपदा विभागाकडे, म्हणून आधी परवानगी विचारावी. शिंगाड्याचे वेल लावलेल्या भागात होडी घालू नये, ते कोणाचे तरी पीक असते. पेंच राष्ट्रीय उद्यानात, तोतलाडोहच्या पाण्यासह, मासेमारीला बंदी आहे.

पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्ले थव्याने पृष्ठभागावर येतात आणि आई-बाप खालून राखण करतात. त्या थव्यावर आमिष टाकले तर मोठी मरळ हमखास झडप घालते, आणि ती काढली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. अशा जागी गळ टाकू नये.

मे महिन्यात बंद गाडीत रील आणि दोरी ठेवली तर नायलॉन ठिसूळ होते. घरी आल्यावर रीलवरचा गाळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा, ड्रॅग पूर्ण ढिला करावा आणि सावलीत वाळवावे. नायलॉन दरवर्षी उन्हाळ्यानंतर बदलावी.